चिंध्यांचा बिबट्या



आज मी तुमच्याशी बाहुल्यांविषयी बोलणार आहे. विषय ऐकून कुणी गालातल्या गालात हसेल. बाहुली म्हणजे पोरीबाळींचा खेळ, तिच्यावर रेडिओवर भाषण कसलं करायचं, असंही कुणी म्हणेल. पण आपल्याकडे पोळा येतो, कुठे त्याला बेंदूर म्हणतात, तेव्हा घरोघर मातीचे बैल होतात ते आठवा. तीन-चार वर्षांचं पोर त्या बैलाला हळदकुंकू लावतं, पुरणपोळीचा घास त्याच्या तोंडाशी नेतं. खऱ्या बैलाच्या पाठीवर पहिल्यांदा हात ठेवण्याआधीच वशिंड कुठे, शिंगं कुठे आणि मागच्या पायांशी का उभं राहायचं नाही, हे आजोबांनी त्याला त्या मातीच्या बैलावर दाखवून दिलेलं असतं. हे शिक्षण कुठल्या अभ्यासक्रमात लिहिलेलं नव्हतं.

बैल झाला घरचा. रानातल्या जनावराची बाहुली केली तर ती मुलाला काय शिकवते? त्या जनावराच्या रक्षणाला तिचा काही उपयोग होतो का? होतोच, अशी माझी पक्की समजूत होती. पुढे एक प्रसंग घडला आणि त्या समजुतीला चांगलाच धक्का बसला. तो प्रसंग आज सांगणार आहे. त्यात चूक माझी होती, तीही सांगते.

त्याआधी थोडं परदेशात जाऊन येऊ, कारण रानातल्या जनावराची जगात सर्वांत गाजलेली बाहुली तिकडची आहे. दुकानाच्या काचेमागे कापसाने भरलेलं अस्वल तुम्ही पाहिलं असेल. त्याला टेडी म्हणतात. हे नाव अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यावरून पडलं. १९०२ च्या नोव्हेंबरात ते मिसिसिपी राज्यात अस्वलाच्या शिकारीला गेले होते. अध्यक्षांना काही अस्वल मिळेना. त्यांचा वाटाड्या होता होल्ट कॉलियर, गुलामगिरीत जन्मलेला आणि अस्वलाच्या शिकारीत मुरलेला माणूस. त्याने कुत्र्यांच्या मदतीने एक अस्वल गाठलं, झाडाला बांधून ठेवलं आणि अध्यक्षांना बोलावणं धाडलं. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला रूझवेल्टांनी नकार दिला. क्लिफर्ड बेरीमन या व्यंगचित्रकाराने त्याचं चित्र काढलं, ते वॉशिंग्टन पोस्ट या वृत्तपत्रात छापून आलं. ते पाहून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या मॉरिस मिक्टम नावाच्या मिठाईच्या दुकानदाराने आणि त्याच्या पत्नीने, रोझने, कापडाचं अस्वल शिवून दुकानात मांडलं. त्याच सुमारास जर्मनीत श्टाइफ यांच्या कारखान्यातही अस्वलाची बाहुली तयार होत होती. पुढे ही बाहुली सगळ्या जगात गेली.

इथवरची गोष्ट सगळे सांगतात. पुढची फारसं कुणी सांगत नाही. ते अस्वल सुटलं नाही. झटापटीत ते फार जखमी झालं होतं. त्याचे हाल थांबवा, असं रूझवेल्टांनी सांगितलं आणि सुऱ्याने त्याला मारण्यात आलं. चित्रांतलं अस्वल मात्र दिवसेंदिवस लहान आणि गुबगुबीत होत गेलं. इकडे बाहुली घराघरांत पोचत होती आणि तिकडे नदीकाठची जंगलं शेतीसाठी तुटत होती. ते अस्वल ज्या जातीचं, ती लुइझियाना काळ्या अस्वलाची जात १९९२ साली धोक्यातली म्हणून सरकारी यादीत घालावी लागली. कायद्याचं संरक्षण मिळालं, जंगल पुन्हा लावलं गेलं, तेव्हा २०१६ साली ती यादीतून बाहेर आली. म्हणजे नव्वद वर्षं मुलं अस्वलाला कुशीत घेऊन झोपत होती आणि खुद्द अस्वल कमी होत होतं. यात बाहुलीचा काही दोष नाही. पण नुसत्या मायेने राखण होत नाही, हे मला त्या वेळी कळायला हवं होतं. तेव्हा मला ही पुढची गोष्ट ठाऊकच नव्हती.

आता आपल्या गावाकडे येते. मी जुन्नर तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत शिकवते. आमच्याकडे कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून बिबट्या आला. आमचे लोक त्याला सरळ वाघच म्हणतात. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो. आत गारवा, बाहेर पाट, वस्तीवर कुत्री, शेळ्या आणि डुकरं. बिबट्याच्या मादीला आणखी काय हवं? ती उसातच विते. तिथे जन्मलेल्या पिल्लाने डोंगर पाहिलेला नसतो. ऊस हेच त्याचं रान. मग दिवाळीच्या मागेपुढे कारखान्याची तोडणी सुरू होते, कोयत्याची टोळी फडात उतरते आणि राहत राहत अखेरच्या चार सरींत पिल्लं सापडतात.

मुलांच्या मनातली वाघाची भीती आणि राग कमी व्हावा म्हणून मी पुण्याला गेले असताना तुळशीबागेतून एक कापडी बिबट्या आणला. पिवळाधमक, निळे डोळे, गळ्यात तांबडी फीत. त्याचं नाव ठेवलं पिंटू. त्याच्यावर मी एक गोष्टही रचली, की पिंटूची आई रानात हरवली आहे, आता तुम्हीच त्याची आई. मुलं खूष. पाळी लावून एकेक जण त्याला घरी नेई, दूध पाजी, अंगाई म्हणे. वाघाचं नाव काढलं की दगड शोधणारी पोरं त्याच्या ठिपक्यांवरून हात फिरवू लागली. तपासणीला आलेल्या साहेबांना मी मोठ्या अभिमानाने पिंटू दाखवला होता.

त्या साली तोडणीच्या टोळीबरोबर आलेली काही मुलं आमच्या शाळेत बसत. त्यांत चौथीतली एक मुलगी होती, फार चुणचुणीत. एक दिवस सकाळी ती उशिरा आली. आईबापाची भाकरी फडात पोचवून ती येई, म्हणून मी काही बोलले नाही. तिने ओढणीत काहीतरी गुंडाळून छातीशी धरलं होतं. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "बाई, पिंटूचा भाऊ सापडला. ह्याला पण आई नाही."

ओढणीत बिबट्याचं पिल्लू होतं.

श्रोतेहो, तो क्षण आठवला की आजही हातपाय गार पडतात. फडापासून शाळा अर्ध्या मैलावर. एवढी वाट ते पोर एकटं, पिल्लाला उराशी धरून, उसाच्या कडेकडेने चालत आलं होतं. पिल्लू बारीक आवाजात ओरडत होतं. मादी शेजारच्याच फडात होती. थोड्या वेळाने तोडणीवाल्यांनी तिची गुरगुर ऐकली आणि कोयते तसेच टाकून सगळे बाहेर पळाले. ती या मुलीच्या मागे का गेली नाही, ते मला सांगता येणार नाही. दिवसाचं ऊन, माणसांची वर्दळ, काही का असेना. मुलगी वाचली हे खरं.

मुलांना वर्गात घेऊन दारं लावली, वनरक्षकांना फोन केला. त्यांनी आणि जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातून आलेल्या मंडळींनी पिल्लू तपासलं. फडात त्याचं भावंड तसंच पडून होतं. संध्याकाळी, जिथे सापडली त्याच जागी, दोन्ही पिल्लं एका क्रेटमध्ये ठेवली, जवळ कॅमेरा लावला आणि सगळी माणसं लांब गेली. रात्री मादी आली, एकेक करून दोघांना तोंडात धरून घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही ते चित्रीकरण पाहिलं. आमच्या भागात अशा भेटी पुष्कळदा घडवून आणतात. पण आपल्याच हाताने उचलून आणलेल्या पिल्लाची भेट पाहताना माझी मान खाली होती.

कारण ती मुलगी काही चुकली नव्हती. मी जे शिकवलं ते तिने तंतोतंत केलं होतं. पिल्लाला आई नसते, ते हळूच उचलायचं, उराशी धरायचं, दूध पाजायचं. बिबट्याची मादी शिकारीला जाते तेव्हा पिल्लं दडवून जाते, तासन् तास येत नाही, जागाही बदलत राहते; एकटं दिसलं म्हणजे पोरकं, असा अर्थ होत नाही. हे मी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. उलट पिल्लाची आई हरवली आहे, असं सांगून मोकळी झाले होते.

चित्रीकरण पाहून झाल्यावर ती मुलगी म्हणाली, "पण बाई, दिवसभर ती होती कुठं? मला तर दिसली नाही."

पुढे जे केलं ते सगळं या एका प्रश्नातून निघालं आहे. पिंटूला मी कपाटात ठेवलं आणि आम्ही मुलांच्या हातून नवी बाहुली करायला घेतली. ती कशी केली ते जरा सविस्तर सांगते, म्हणजे कुणाला करायची झाल्यास अडचण पडू नये.

जुनं सुती धोतर किंवा लुगडं घ्यावं, हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवावं. उन्हात हळदीचा रंग थोडा उडतो, तो उडू द्यावा. बिबट्या काही लाडवासारखा पिवळा नसतो. ठिपक्यांसाठी भेंडी आडवी कापावी आणि काजळी तेलात कालवून तिचे ठसे उमटवावेत. भेंडी जून घ्यावी, कोवळी दबते. हा भेंडीचा ठसा म्हणजे मधे पोकळ असलेलं कडं, आणि बिबट्याच्या अंगावरचा ठिपका नेमका तसाच असतो, काळ्या तुकड्यांचं कडं आणि आत पिवळं. चित्त्याचा ठिपका भरीव, बिबट्याचा पोकळ. मात्र डोक्यावर आणि पायांवर बिबट्याचेही ठिपके भरीव असतात. ते काडीने काढावेत. पोटाकडे पांढरं कापड लावावं, आणि शेपटीच्या टोकाला खालच्या बाजूनेही पांढरं. आत चिंध्या भराव्यात. आम्ही आधी उसाचं पाचट भरून पाहिलं, ते कापडातून टोचतं.

पिल्लासाठी मात्र पिवळं कापड घेऊ नका. खरं पिल्लू मळकट, करड्या अंगाचं असतं, ठिपके दाट आणि पुसट. आम्ही जुन्या घोंगडीचा तुकडा वापरला. पहिला आठवडाभर त्याचे डोळे मिटलेले असतात, म्हणून डोळ्यांच्या जागी नुसता दोऱ्याचा टाका घातला. निळे मणी नाहीत की फीत नाही. उसात रानमांजराची पिल्लं सापडतात, वाघाटीची सापडतात, आणि लोक त्यांनाही बिबट्या समजतात. वाघाटी म्हणजे आपल्याकडचं सर्वांत लहान रानटी मांजर. वरच्या वर्गातल्या मुलांनी त्यांच्याही बाहुल्या केल्या. ओळख पटो न पटो, हात लावायचा नाही हे तिघांच्याही बाबतीत सारखंच.

आणि आता मुख्य गोष्ट. पिल्लाच्या पोटाला आम्ही एक काळी दोरी शिवली, चांगली पाच-सहा हात लांब, आणि तिचं दुसरं टोक मादीच्या छातीला शिवलं. खेळ असा. वर्गाच्या एका कोपऱ्यात उसाची वाढी उभी करून फड करायचा. पिल्लू पुढे, सहज दिसेल असं ठेवायचं. मादी मागे वाढ्यांत दडवायची, दोरी मातीखाली किंवा पाचटाखाली झाकायची. एका मुलाने तोडणीवाला व्हायचं. तोडत तोडत तो पिल्लापाशी येतो आणि, नवा असेल तर, हमखास उचलतो. दोरी ताणली जाते, वाढी सळसळतात आणि मादी त्याच्या अंगावर येते. वर्ग आधी किंचाळतो, मग हसतो. आई कुठे होती, हा प्रश्न पुन्हा कुणी विचारत नाही.

मग खेळाचा दुसरा भाग. या खेपेला मुलगा पिल्लू पाहताच थांबतो. हात मागे घेतो. ओरडत नाही, इतरांना बोलावून गर्दी करत नाही, फोटो काढत बसत नाही. आला त्याच वाटेने मागे सरतो आणि मोठ्या माणसाला सांगतो. मुकादम झालेला मुलगा टोळी बाहेर काढतो. दुसरा वनरक्षकाला फोन लावतो. खरा नंबर आमच्या फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेला असतो आणि तो पुसायचा नाही असा नियम आहे. रात्र पडते, म्हणजे आम्ही खिडक्या लावतो, आणि मादी झालेली मुलगी येऊन पिल्लू घेऊन जाते. हा भाग मुलांना इतका आवडतो की खिडक्या लावण्यावरून भांडणं होतात.

हे सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. एक दिवस शाळेत एक पालक आले. वर्षभरापूर्वी त्यांच्या गोठ्यातल्या दोन शेळ्या वाघाने नेल्या होत्या. बाहुली हातात घेऊन उलटीपालटी केली आणि म्हणाले, "बाई, आमच्या लेकरांच्या जिवावर उठलेल्या जनावराच्या बाहुल्या करता तुम्ही? सगळे धरून न्यावेत, लांब सोडावेत." मला त्यांचा राग आला नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमच्या शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेडच्या बाजूला, थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने बिबट्याने माणसं मारली, त्यांत लहान मुलं होती. ज्या घरातलं मूल गेलं त्या घरापुढे उभं राहून वन्यजीवांच्या रक्षणाचं व्याख्यान द्यायची माझी छाती नाही. माणसावर हल्ले करणाऱ्या जनावराचा बंदोबस्त झालाच पाहिजे.

पण सगळेच धरून लांब सोडण्याचा प्रकार आमच्या भागात पूर्वी झालेला आहे. २००१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत जुन्नरकडचे पुष्कळ बिबटे पकडून दूरच्या रानांत सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा त्या काळात माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढल्याचं दिसलं. त्यांनीच पुढे नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, शेतांत आणि वस्त्यांजवळ कॅमेरे लावून मोजणी केली. ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. जंगल नसलेल्या त्या शेतीच्या मुलखात शंभर चौरस किलोमीटरमागे जवळजवळ पाच बिबटे राहत होते, आणि त्यांच्या खाण्यात सर्वांत जास्त वाटा कुत्र्यांचा होता. त्याच डोंगराकडेला लोक वाघोबाची पूजा करतात, वाघबारस पाळतात. म्हणजे हा शेजार कालपरवाचा नाही.

हे सगळं मी त्या पालकांना सांगितलं. त्यांचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही. मग मी त्यांना खेळ पाहायला बसवलं. त्यांचाच मुलगा तोडणीवाला झाला होता. दोरी ताणली, मादी बाहेर आली, तेव्हा ते दचकले. काही वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "एवढं सांगा पोरांना. आणि अंधारात एकटं परसाकडला जाऊ नका म्हणावं, हेही घाला त्यात." ते बरोबर होतं, आम्ही ते घातलं. बसलेलं किंवा वाकलेलं लहान मूल जनावराला आपल्याएवढं, सोपं भक्ष्य वाटू शकतं. म्हणून खेळात आता संध्याकाळही असते. चार मुलं बॅटरी घेऊन, मोठ्याने बोलत जातात आणि पाचवा एकटाच वाकून बुटाचा बंद बांधतो. वाढ्यांतल्या मादीने कुणाकडे पाहायचं, हे मुलंच ठरवतात.

इतर जिल्ह्यांतल्या शिक्षकांनी बिबट्याच करावा असं नाही. विदर्भात अस्वल करा, पण नखं लावल्याशिवाय करू नका. कोकणच्या किनाऱ्यावर कासव करा. वेळाससारख्या गावांत मुलांनी कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना पाहिलेली असतात, त्यांना दोरीची गरज नाही. आपल्या शिवारात जे जनावर येतं, त्याचीच बाहुली करावी, आणि त्याचं जे अंग मुलाने ओळखलं पाहिजे ते बाहुलीत असावं. दुकानातून आणलेल्या बाहुलीत ते बहुधा नसतं. बाहुली ओबडधोबड झाली तर बिघडत नाही. आमच्या पहिल्या मादीला एक कान मोठा आणि एक लहान होता, आणि आजही तीच सगळ्यांची आवडती आहे.

ती चौथीतली मुलगी मार्चअखेर टोळीबरोबर परत गेली. जाताना तिने एक पिल्लू मागितलं. मी म्हटलं, मादीसकट ने, दोरी तोडू नको. उसाचं सामान, भांडी आणि कोपीचे बांबू लादलेल्या ट्रॅक्टरवर, सगळ्यांच्या वर ती बसली होती. पिल्लू मांडीवर आणि मादी मागे बोचक्यावर बांधलेली. पुढच्या हंगामात ती टोळी दुसऱ्या कारखान्याला गेली, त्यामुळे ती दोघी कुठे आहेत ते मला माहीत नाही. पिंटू अजून कपाटात आहे. बालवाडीच्या मुलांना तो खेळायला देते, पण आता त्याच्याही पोटाला दोरी आहे.

ज्यांना ही बाहुली करायची असेल त्यांनी तोडणीची वाट पाहू नये. टोळ्या उतरल्यावर शाळेत पटाची, खिचडीची एकच धांदल उडते आणि शिवणकामाला वेळ मिळत नाही. परसातली भेंडी जून झाली की तेव्हाच ठसे उमटवून कापड वाळवून ठेवावं. काजळी हाताला लागली तर आधी तेलाने पुसावी, मग साबण लावावा. आमच्या वर्गाच्या भिंतीवर अजून पाच-पन्नास काळे पंजे आहेत.